बँकेची नोकरी, डोंबिवली-फोर्टचा रोजचा प्रवास आणि जानेवारीतली पूर्ण मॅरेथॉन : सराव कसा बसवावा?

ठाकुर्ली_९०फुटी यांचा प्रश्न

नमस्कार.

मी एकेचाळीस वर्षांची असून एका बँकेच्या फोर्टमधील कार्यालयात अधिकारी आहे आणि डोंबिवलीला राहते. सकाळी आठच्या सुमाराची जलद लोकल पकडते. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत आठ, कधी साडेआठ वाजतात. घरी नवरा, नववीत शिकणारा मुलगा आणि सासूबाई आहेत. पोळीभाजीला मावशी येतात, पण त्या संध्याकाळी येत असल्यामुळे सकाळचे डबे मलाच करावे लागतात.

काही वर्षांपासून मी नियमित धावते. गेल्या डिसेंबरमध्ये वसई-विरारची अर्धमॅरेथॉन २ तास २० मिनिटांत पूर्ण केली आणि तेव्हापासून पूर्ण अंतराची इच्छा मनात पक्की झाली आहे. आता जुलै सुरू आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर धावावे असे फार वाटते. सोळा-अठरा आठवड्यांची जी वेळापत्रके वाचायला मिळाली, ती आठवड्यातून पाच दिवस धावणे आणि दर रविवारी वाढत जाणारी लांब धाव असे गृहीत धरतात. दिवसाचे बारा तास घराबाहेर जाणाऱ्या आणि त्यातले अडीच-तीन तास प्रवासात, तेही बहुतेक वेळा उभ्याने घालवणाऱ्या माणसाचा विचार त्यांत कुठे दिसत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. आठवड्यातून कमीत कमी किती दिवस धावले तर पूर्ण मॅरेथॉन सुरक्षितपणे पार पडेल? पहाटे साडेचारला उठून धावावे, की कार्यालय सुटल्यावर मरीन ड्राइव्हला धावून मग घरी यावे? पहाटे उठले की झोप साडेपाच तासांवर येते, आणि संध्याकाळी धावले तर घरी यायला साडेनऊ होतात. शिवाय ३० सप्टेंबरची सहामाही आणि ३१ डिसेंबरची तिमाही अखेर असते. त्या दिवसांत कामावरून सुटण्याची वेळ हाती राहत नाही. हे सगळे पाहता यंदाच प्रयत्न करावा की एक वर्ष थांबावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी स्पष्ट मत द्यावे ही विनंती.

---

येऊरवाट यांचे उत्तर

ताई, बँकेतली नोकरी तुम्ही अडचण म्हणून मांडली आहे, पण तिची एक बाजू तुमच्या फायद्याची आहे आणि मी तिथूनच सुरुवात करतो. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. लांब धावेसाठी याहून सोयीचे दिवस मिळणार नाहीत, कारण शनिवारी धावून झाल्यावर पूर्ण रविवार विश्रांतीला आणि घराला मिळतो. सोमवारी सकाळी तुम्ही लोकलमध्ये उभ्या राहाल तेव्हा पायांना दोन रात्रींची झोप मिळालेली असेल. रविवारी २५ किलोमीटर धावून सोमवारी सत्तर-पंचाहत्तर मिनिटे उभ्याने प्रवास करणाऱ्यांना या फरकाची किंमत चांगली माहीत आहे.

लांब धाव दर आठवड्याला वाढलीच पाहिजे, हा समज छापील वेळापत्रकांमुळे पसरला आहे. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या आणि चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीला खरी लांब धाव पंधरवड्यातून एकदा पुरते, असे मी स्वतःच्या आणि सोबत धावणाऱ्यांच्या अनुभवावरून ठामपणे म्हणेन. मधल्या रविवारी १४ ते १६ किलोमीटर सावकाश धावले की झाले. लांब धावेने शरीरात जे बदल व्हायचे असतात, म्हणजे स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढणे, चरबीचा इंधन म्हणून जास्त वापर होऊ लागणे, कंडरा आणि हाडे भाराला सरावणे, ते धावताना होत नाहीत. ते नंतरच्या विश्रांतीत होतात. त्यातही हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, पण कंडरांना आणि हाडांना त्याहून बराच जास्त काळ लागतो. दम टिकतो म्हणून अंतर वाढवत गेलेली माणसे नोव्हेंबरमध्ये नडगी किंवा टाच धरून बसतात ती याच कारणाने.

आता दिनदर्शिका उघडून पाहा. ऑगस्टच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी १६ आणि १८ किलोमीटर, सप्टेंबरमध्ये २० आणि पुन्हा १८, कारण चौथा शनिवार सहामाही अखेरीच्या तोंडावर येतो आणि तेव्हा अंगात थकवा असणारच. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंतर वाढवण्याचा हट्ट नको, दोन्ही वेळा २२ ठेवा. हवा बदलली की नोव्हेंबरमध्ये २४ आणि २६, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही शनिवारी २८. डिसेंबरचा चौथा शनिवार हा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या २२ दिवस आधी येतो, आणि काही वर्षी २९ दिवस आधी. शेवटची मोठी धाव स्पर्धेपूर्वी तीन ते चार आठवडे असावी असे बहुतेक सगळे प्रशिक्षक सांगतात; तुमची सुट्टी नेमकी तिथेच पडते. त्यानंतर सराव उतरवण्याचा काळ सुरू होतो आणि ३१ डिसेंबरची अखेर त्या काळात येते, म्हणजे ज्या आठवड्यात तुम्हाला कार्यालयात थांबावे लागेल त्याच आठवड्यात धावणे कमी करायचे असेल. ज्या तारखेची तुम्हाला सर्वांत जास्त चिंता आहे तिने सरावाचे काही बिघडणार नाही.

आठवड्याच्या दिवसांत दोनदा धावा, मंगळवारी आणि गुरुवारी. मंगळवारी ४५ ते ५० मिनिटे अगदी सावकाश, सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा गतीने. गुरुवारी एक तास, त्यात सुरुवातीची १५ मिनिटे सावकाश, मग २० ते ३० मिनिटे अशा गतीने की बोलायचे झाले तर दोन-तीन शब्दच निघावेत, आणि शेवटी पुन्हा सावकाश. गुरुवारची धाव मी मरीन ड्राइव्हलाच करायला सांगेन. स्पर्धेचा मार्ग तिथून जातो, समुद्राकाठच्या दमट हवेची सवय होते, आणि गर्दीच्या वेळेची लोकल टळते. सव्वासहाला सुटून सव्वासातपर्यंत धावून झाले तर पावणेआठ-आठच्या गाडीत निदान हातपाय हलवण्याइतकी जागा मिळते. मंगळवारची धाव मात्र घराजवळ, नव्वद फुटी रस्त्यावर, पहाटे. म्हणजे आठवड्यातून एकदाच साडेचारचा गजर आणि एकदाच साडेनऊचे घर.

आठवड्यातून तीन दिवस धावून तुम्ही ही स्पर्धा पूर्ण कराल. यंदाच करा.

---

कोथरूडकर यांचे उत्तर

येऊरवाट यांच्या शनिवारच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण दोन बाबतींत माझे मत वेगळे आहे आणि ते इथे नोंदवणे मला गरजेचे वाटते.

पहिली बाब अंतराची. सर्वांत लांब धाव २८ किलोमीटरवर थांबवली, तर स्पर्धेच्या दिवशी उरलेले १४ किलोमीटर पूर्णपणे अनोळखी असतील. शरीरात स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, असतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. त्यापुढे पाय जड होतात, मन खचते, आणि मुंबईच्या मार्गावर नेमकी त्याच उत्तरार्धात पेडर रोडची चढण येते. हा अनुभव सरावात एकदा तरी घेतलेला असावा, म्हणून किमान एक धाव ३२ किलोमीटरची हवी असे मला वाटते.

दुसरी बाब वेळेची. मी हिंजवडीत काम करतो, अमेरिकेतल्या सहकाऱ्यांशी रात्री उशिरापर्यंत बैठका असतात, आणि माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन मी जाणीवपूर्वक एक वर्ष पुढे ढकलली होती. त्या वर्षात दोन अर्धमॅरेथॉन आणि साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन केली, यवतेश्वरच्या घाटाने पायांत जी ताकद दिली ती पुढे कामी आली, आणि मग पूर्ण अंतर धावताना घरच्यांवर किंवा कामावर ताण आला नाही. ताईंचा मुलगा नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी असेल, तेव्हा सराव आणखी अवघड होईल, हे मला मान्य आहे. तरीही २ तास २० मिनिटांची अर्धमॅरेथॉन आणि तीन दिवसांचा आठवडा एवढ्या पायावर पूर्ण अंतराला हात घालणे मला घाईचे वाटते. स्पर्धा कुठे पळून जात नाही.

---

येऊरवाट यांचे उत्तर

कोथरूडकर, तुमचा मुद्दा ३ तास ४५ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला पूर्ण लागू पडतो. तो ३२ किलोमीटर तीन तासांत संपवून घरी जातो. ताईंची सावकाश धाव किलोमीटरला साडेसात मिनिटांची असेल, म्हणजे २८ किलोमीटरला साडेतीन तास आणि ३२ किलोमीटरला बरोबर चार तास लागतील. साडेतीन तासांनंतर पायांवरचा आघात वाढत जातो, धावण्याची ढब बिघडते, आणि मिळणारा लाभ मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून सावकाश धावणाऱ्यांची लांब धाव वेळेने मोजावी आणि साडेतीन तासांवर थांबवावी, हेच मला योग्य वाटते. उरलेल्या अंतराची तयारी ३२ किलोमीटरच्या एका धावेने होत नाही. सहा महिन्यांच्या एकूण सरावाने होते.

अपेक्षित वेळेबद्दलही इथेच लिहितो, कारण बहुतेकांचे गणित तिथे चुकते. अर्धमॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट करून त्यात दहा-बारा मिनिटे मिळवली की पूर्णची वेळ येते, असे सूत्र प्रचलित आहे; त्याने ताईंना ४ तास ५२ मिनिटे मिळतील. ते सूत्र भरपूर अंतर धावणाऱ्यांसाठी आहे. आठवड्याला ३५ ते ४५ किलोमीटर धावणाऱ्याने सव्वापाच तास धरावेत, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेसात मिनिटे. ताईंची सावकाश धावेची गतीही तीच आहे. स्पर्धेच्या दिवशी पहिले १५ किलोमीटर ही गती फारच हळू वाटेल, आणि ती तशीच वाटली पाहिजे.

कमी वेळेत मोठे काम होऊ शकते याचे जपानमधले उदाहरण मला फार आवडते. युकी कावाउची हा सैतामा प्रांताच्या सेवेत, शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करत धावत असे. व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात. नोकरीमुळे तो एकदाच करू शकत असे, आणि वारंवार स्पर्धांमध्ये उतरून त्यांचाच सराव म्हणून उपयोग करीत असे. एप्रिल २०१८ मध्ये थंडी, पाऊस आणि समोरून येणारा वारा अशा हवेत त्याने बोस्टन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकली, तेव्हा तो सरकारी नोकरच होता. त्याची प्रतिभा आपल्यात नाही हे उघड आहे. पण दिवसातल्या एकाच धावेत काय साधायचे आहे हे आधी ठरवून घेण्याची त्याची पद्धत आपल्याला घेता येते.

---

नाशिकचा_धावता_डॉक्टर यांचे उत्तर

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि स्वतः धावतो. वरच्या चर्चेत झोपेचा आणि रक्ताचा विषय आलेला नाही, म्हणून लिहितो.

पहाटे साडेचारला उठायचे आणि झोप साडेपाच तासांवर आणायची, हे आठवड्यातून एखादा दिवस चालेल, रोज चालणार नाही. झोप कमी पडत गेली की दुखापतीची शक्यता वाढते, सर्दी-ताप वारंवार येतात आणि त्याच गतीला नाडीचे ठोके जास्त पडू लागतात. ताई, मंगळवारी पहाटे उठायचे असेल तर सोमवारी रात्री दहाला अंथरुणावर असणे हा सरावाचा भाग समजा, आणि ते जमले नाही तर मंगळवारची धाव रद्द करा. रात्री साडेअकराला झोपून पहाटे साडेचारला धावण्यापेक्षा ती धाव सोडलेली कधीही चांगली. एक धाव सोडल्याने सहा महिन्यांच्या तयारीत काहीही फरक पडत नाही. सोडलेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाही, हेही पक्के ठरवून ठेवा.

दुसरा विषय रक्ताचा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. सराव वाढवण्यापूर्वी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनची तपासणी अवश्य करून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, खालावलेला असू शकतो; अशा स्त्रिया ‘हल्ली पाय उचलतच नाहीत’ अशी तक्रार घेऊन येतात आणि बिचाऱ्या सरावाला दोष देत असतात. मासिक पाळीतला रक्तस्राव, घामाबरोबर जाणारे थोडे लोह आणि शाकाहारी जेवण यांचा एकत्रित परिणाम लांब अंतर धावणाऱ्या स्त्रियांमध्ये ठळक दिसतो. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोहाचे शोषण घटते, आणि लिंबू पिळले तर ते वाढते. त्यामुळे उसळीवर लिंबू आणि चहा तासाभराने, एवढा बदल आजपासून करता येईल. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय आपल्या मनाने सुरू करू नका. ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्या, कारण सूर्योदयापूर्वी धावणारी आणि दिवसभर कार्यालयात बसणारी माणसे उन्हाच्या देशात राहूनही त्याच्या कमतरतेने हाडांच्या दुखण्याला तोंड देतात.

घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा धावताना छातीत दाटणे, चक्कर, अकारण धाप असे काहीही जाणवले असेल, तर सराव वाढवण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यायलाच हवी. तिथे कोणतीही तडजोड नको.

दुखापतीबद्दल एकच नियम सांगतो. धावताना जाणवणारे आणि धावून झाल्यावर तासाभरात नाहीसे होणारे दुखणे सांभाळून पुढे जाता येते. पण हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एका नेमक्या जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवा आणि तपासून घ्या. हाडाला बारीक चीर गेली असण्याची शक्यता असते आणि तिच्यावर धावत राहिले तर काही आठवड्यांचे दुखणे काही महिन्यांचे होते.

आठवड्यातून दोनदा १५ मिनिटे ताकदीचे व्यायाम करा. टाचा उचलणे, उठाबशा, पायरीवर चढउतर, पाठीवर झोपून कंबर उचलणे, एवढे घरच्या घरी पुरते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभे राहून टाचा उचलणाऱ्या माझ्या एक रुग्ण आहेत आणि त्यांच्या पोटऱ्यांचे जुने दुखणे खरोखर कमी झाले आहे.

---

तीन_पाळ्यांची_सिस्टर यांचे उत्तर

मी ठाण्यात रुग्णालयात परिचारिका आहे आणि पाळ्या सांभाळून धावते. वरच्या तिघांच्या उत्तरांत सराव फार चांगला मांडला आहे. पण घरातले काम कोणी करायचे याबद्दल कोणीच लिहिलेले नाही, आणि आपल्यासारख्या स्त्रियांचा सराव बहुतेक वेळा तिथेच अडतो.

ताई, मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस घरात आधी जाहीर करा. मंगळवारी सकाळचे डबे तुमचे यजमान करतील, आणि गुरुवारी रात्रीचे जेवण तुमच्यासाठी न थांबता साडेआठला होईल, असे स्पष्ट ठरवून घ्या. ‘जमेल तेव्हा मदत करा’ असे म्हटले की कोणालाच जमत नाही, हा माझा अनुभव आहे. नववीतला मुलगा पोहे किंवा उपमा करू शकतो आणि त्याने तो करावाही. सासूबाईंना एकदा एखाद्या लहान स्पर्धेला सोबत घेऊन जा. आमच्या घरी माझ्या सासूबाईंचा विरोध त्यांनी शेवटच्या रेषेवर वयस्कर बायकांना धावत येताना पाहिल्यावर मावळला, आणि आता रात्रपाळीनंतर मी दुपारी झोपले असताना दाराची बेल वाजू नये याची काळजी त्याच घेतात.

काळोखात धावण्याबद्दलही लिहिते. पहाटे साडेचार-पाचला एकटीने धावू नका. डोंबिवलीत पहाटे धावणाऱ्यांचे गट आहेत, त्यांपैकी एखाद्याबरोबर वेळ जुळवून घ्या. कपड्यांवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असू द्या, कानात काही घालू नका, आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावा. कल्याण-शीळ रस्त्यावर अवजड वाहतूक फार असते, तिथे अजिबात जाऊ नका. लांब धावेसाठी पलावातले आतले रस्ते किंवा नव्वद फुटी रस्त्यावरच्या फेऱ्या बऱ्या. फेऱ्यांचा कंटाळा येतो हे खरे, पण दर फेरीला पाण्याची बाटली एकाच ठिकाणी मिळते, आणि थकवा आला किंवा शौचाला जावे लागले तर घर जवळ असते. या गोष्टी पुरुष धावपटूंच्या यादीत सहसा खूप खाली असतात, आपल्या यादीत त्या वर असतात.

पावसाळ्यात एवढेच लक्षात ठेवा की पाणी साचलेल्या रस्त्यावर खड्डा दिसत नाही. ज्या दिवशी असा पाऊस असेल त्या दिवशी इमारतीच्या जिन्यावर अर्धा तास चढउतर केली तरी पायांना चांगला व्यायाम होतो, आणि पेडर रोडच्या चढणीची तयारीही होते.

---

ठाकुर्ली_९०फुटी यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची मांडणी वाचल्यावर मी लगेच दिनदर्शिका काढून बसले. इतकी वर्षे त्या शनिवारी साठलेली घरकामे उरकत आले. आता ती रविवारी सगळ्यांनी मिळून करायची असे घरी बोलणे झाले आहे. मंगळवारचे डबे नवरा करणार आहे. फेरिटिनची तपासणी या आठवड्यात करून घेते.

कोथरूडकर, तुमच्या सल्ल्याचाही मी गंभीरपणे विचार केला. पुढच्या वर्षी मुलाची दहावी आणि त्यानंतर बहुधा माझी बदली, त्यामुळे थांबले तर दोन-तीन वर्षे थांबावे लागेल. म्हणून असे ठरवले आहे की ऑक्टोबरअखेर २२ किलोमीटरच्या दोन्ही धावा दुखण्याशिवाय पार पडल्या तरच पूर्ण अंतराची तयारी पुढे न्यायची, नाहीतर यंदा स्पर्धा सोडून द्यायची.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. लांब धावेच्या आधी आणि धावताना काय खावे? पहाटे मला काही खाववत नाही. आणि गुरुवारी कार्यालयातून थेट धावायला जाताना पिशवीचे काय करावे?

---

येऊरवाट यांचे उत्तर

अट फार योग्य घातली आहे. ती लिहून घरात भिंतीवर लावा, कारण ऑक्टोबरमध्ये मन पळवाट शोधते.

पिशवी कार्यालयातच ठेवा. गुरुवारी सकाळी धावण्याचे कपडे आणि बूट घेऊन जा, संध्याकाळी तिथेच बदला, कमरेच्या पट्ट्यात मोबाइल, पास आणि थोडे पैसे एवढेच घेऊन निघा. धावून परत कार्यालयात जाता येत असेल तर उत्तम. रखवालदाराला आधी सांगून ठेवावे. ते शक्य नसेल तर डबा आणि पर्स असलेली लहान पाठपिशवी घट्ट बांधून धावता येते, मात्र त्या दिवशी जलद टप्पा टाळावा लागतो आणि तो मधल्या रविवारच्या धावेत घालावा. कोरडा सदरा आणि पंचा बरोबर हवाच, कारण घामाच्या कपड्यांत लोकलच्या पंख्याखाली सव्वा तास उभे राहिले की सर्दी ठरलेली.

खाण्याबद्दल. लांब धावेच्या आदल्या रात्री वरणभात किंवा खिचडी पोटभर, नवे आणि मसालेदार काही नाही. पहाटे खाववत नसेल तर अर्ध्या केळ्यापासून सुरुवात करा आणि दोन-तीन महिन्यांत एक केळे व एक राजगिऱ्याचा लाडू इथपर्यंत या; पोटालाही पायांसारखीच सवय लावावी लागते. धावताना पहिल्या पाऊण तासानंतर थोडे थोडे खात राहा, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, चिक्कीचे लहान तुकडे किंवा बाजारात मिळणारे जेल, यांतले जे पोटाला मानवेल ते निवडा आणि स्पर्धेच्या दिवशी तेच घ्या. कोथरूडकरांनी सांगितलेल्या तिसाव्या किलोमीटरच्या संकटावर वेळेवर खाणे आणि सुरुवातीला हळू धावणे हे दोनच उपाय आहेत.

पाणी तहानेप्रमाणे प्या. ऑक्टोबरमध्ये एकदा धावण्यापूर्वी आणि धावल्यावर वजन करून पाहा. मधले पाणी मिळवून एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, यावरून स्वतःची गरज कळते. धावल्यावर वजन वाढलेले दिसले तर तुम्ही जास्त पाणी पीत आहात. सव्वापाच तास धावणाऱ्याला मार्गावर पाणी ठेवलेल्या प्रत्येक टेबलावर पेलाभर पाणी पिण्याचा मोह होतो, त्याने रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मीठ-साखर असलेले ओआरएस एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट घालूनच बनवावे, अर्धे नाही.

गेल्या काही वर्षांत मुंबई मॅरेथॉनच्या पहाटे रेल्वेने कल्याणहून विशेष लोकल सोडल्या आहेत. यंदाची घोषणा जानेवारीत पाहून घ्या, आणि तरीही शक्य असेल तर आदल्या रात्री मुंबईत एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करा. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारची १६ किलोमीटरची धाव झाली की इथे कळवा; गुरुवारच्या जलद टप्प्याची गती त्यावरून ठरवू.